वस्तीवरची डीपी वारंवार जळते? नवी आणण्याआधी कारण शोधा

रब्बीच्या तोंडावर वस्तीवर नवी डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रोहित्र) बसते. पंधरा-वीस दिवस चालते आणि हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायच्या ऐन पाळीत पुन्हा जळते. मग वर्गणी, ट्रॅक्टर, ऑफिसचे हेलपाटे, आणि तोपर्यंत लेकरं अंधारात आणि पीक ताणावर. बीडपासून नांदेडपर्यंत आणि जालन्यापासून धाराशिवपर्यंत शेतवस्त्यांवर, तांड्यांवर हेच ऐकू येतं. ऊसतोडीला गेलेल्या तांड्याची तर आणखी पंचाईत असते, कारण दिवाळीनंतर मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरंच उरतात. ऑफिसला खेटे घालायला कोण जाणार?

मी वायरिंगची आणि मोटारींची कामं करतो, त्यामुळे अशा वस्त्यांवर माझं सतत जाणं असतं. माझं ठाम मत असं आहे की डीपी सहसा स्वतःच्या दोषाने जळत नाही. ती वीस-पंचवीस वर्षं चालावी अशा हिशोबाने बनवलेली असते. वर्षातून दोनदा जळत असेल तर तिच्याभोवतीचं काहीतरी तिला जाळतंय. ते तसंच ठेवून डीपी बदलत राहणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नवी डीपी येईपर्यंतचे जे दिवस हातात असतात ते कारण शोधण्यात घालवा. त्यासाठी काय पाहायचं ते खाली लिहितो.

त्याआधी एक गोष्ट हात जोडून सांगतो. डीपीवर चढायचं नाही, पेटीत हात घालायचा नाही आणि काठीने डीओ (वरच्या लाइनचा ड्रॉप-आउट फ्यूज) पाडायचा नाही. खाली जिथे ‘लाइनमनकडून’ असं लिहिलंय ते काम लाइनमननेच, एबी स्विच (डीपीकडे येणारी लाइन तोडणारा खांबावरचा स्विच) उघडून, लाइन बंद असल्याची खात्री करून करायचं. आपल्याकडे दरवर्षी तरणी पोरं फ्यूज टाकायला चढतात आणि खाली येतात ती मेलेली. आपण करायची तपासणी डोळ्यांनी, कागदावर आणि आपल्या मीटरच्या अलीकडे-पलीकडे होते. तेवढीही पुष्कळ आहे.

डीपी कधी जळते ते आधी लिहून काढा

वस्तीवर चार जणांना विचारलं तर चौघं चार कारणं सांगतात: “डीपीच रद्दी दिली”, “तेल कमी होतं”, “अमक्याच्या मोटरने जळाली”. हे वाद बाजूला ठेवा आणि मागच्या दोन-तीन वेळा ती नेमकी कधी गेली तेवढं एका वहीत लिहा. थ्री फेज (मोटारींची लाइट) आल्या आल्या गेली? रात्री सिंगल फेजवर (फक्त दिव्या-पंख्यांपुरती लाइट) गेली? पावसात, कडाडत असताना गेली? बसवल्यापासून दोन दिवसांत गेली? की सगळं शांत असताना, उन्हाळ्यात गेली? एवढ्या माहितीवर निम्मं निदान होतं. जाण्याआधी काय दिसलं तेही लिहा: दिवे एकदम प्रखर झाले होते का, डीपीतून गुणगुण वाढली होती का, तेल उकळून बाहेर आलं होतं का, फ्यूज किती वेळा उडत होता.

थ्री फेज आली की पाच मिनिटांत फ्यूज किंवा डीपी जाते

इथे दोन गोष्टी मिळून काम करतात: एकूण भार आणि ऑटो स्विच, म्हणजे लाइट येताच मोटर आपोआप सुरू करणारा स्विच.

भाराचा हिशोब सोपा आहे. डीपीवर जेवढे केव्हीए (तिची क्षमता) लिहिलेत त्याला १.३३ ने गुणा, म्हणजे खालच्या, घरा-मोटारींकडच्या बाजूला एका फेजवर किती अँपिअर झेपतात ते कळतं. २५ च्या डीपीला ३३ अँपिअर, ६३ च्या डीपीला ८४, १०० च्या डीपीला १३३. आता मोटारी मोजा. कपॅसिटर नसलेली ५ एचपीची मोटर साधारण साडेआठ अँपिअर घेते. ६३ च्या डीपीवर अशा दहा मोटारी एकदम चालल्या तर ८५ अँपिअर होतात, म्हणजे घरांचा एकही दिवा न लावता मर्यादा ओलांडली. त्यातही कागदावर ३ एचपी आणि बोअरमध्ये ५ किंवा साडेसातची, असं असतंच. ही यादी खरी करायची असेल तर वस्तीवर बसून, कुणाचं नाव न काढता, फक्त आकडे सांगायला लावा. मी असं करताना पाहिलंय, आणि कुणाला दंड होणार नाही अशी खात्री पटली की लोक खरं सांगतात.

याच दहा मोटारींना प्रत्येकी २ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरचं माप) कपॅसिटर लावला की एका मोटरचा करंट सातच्या जवळ येतो आणि दहांचा मिळून ७१ अँपिअर. म्हणजे तीच डीपी, त्याच मोटारी, पण भार मर्यादेच्या आत. मोटर कमी तापते, व्होल्टेज सुधारतं आणि पाणीही जोरात पडतं. ३ एचपीला १, ५ ला २ आणि साडेसातला ३ केव्हीएआर असं साधारण प्रमाण आहे. महावितरण वर्षानुवर्षं कपॅसिटर बसवा म्हणून आवाहन करते, आणि आपण ते वीज कंपनीच्या फायद्याचं समजून सोडून देतो. पण यात पहिला फायदा आपल्या डीपीचा आहे. कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडा, म्हणजे मोटर बंद झाली की तोही लाइनवरून सुटेल. कितीतरी पेट्यांमध्ये कपॅसिटर असतो, पण फुगलेला किंवा वायर काढलेला. तो हातात घेण्याआधी त्यातला चार्ज उतरवायला विसरू नका.

आता ऑटो स्विच. मोटर सुरू होताना पहिले काही सेकंद नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एकेक मोटर सुरू झाली तर डीपीला त्याचं काही वाटत नाही. पण लाइट आली आणि दहाच्या दहा मोटारी एकाच क्षणी उठल्या तर पाचशे अँपिअरची मागणी एकदम येते. व्होल्टेज इतकं खाली बसतं की एकही मोटर वेग धरत नाही. सगळ्या घरघरत राहतात आणि तो वाढलेला करंट उतरतच नाही. फ्यूज चांगला असेल तर उडतो. फ्यूजच्या जागी जाड तार असेल तर डीपी उडते.

ऑटो स्विच का लावतात हे मला कळतं. रात्री दोन वाजता येणाऱ्या लाइटसाठी साप-विंचवात, बिबट्याच्या भीतीत विहिरीवर जायचं कुणी? म्हणून नुसतं “काढून टाका” म्हणून भागत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून मोबाइल स्टार्टर घेतले तर घरबसल्या मोटर चालू करता येते आणि ऑटो स्विचची गरज उरत नाही. कुणाला ते परवडत नसेल तर निदान टायमर बसवा, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी ठेवा: पहिल्याची अर्ध्या मिनिटाने, दुसऱ्याची एका मिनिटाने, अशी ओळीने. क्रम एकदा ठरवून डीपीजवळच्या खांबावर नाही, तर प्रत्येकाच्या स्टार्टर पेटीत आतून लिहून ठेवा. एकाने जरी ऑटो ठेवला तरी त्याची एकट्याची मोटर आधी उठेल, त्याने डीपी जात नाही. चौघांनी ठेवले तर जाते.

रात्री, सिंगल फेजच्या वेळेत जळते

वस्त्यांची खरी अडचण इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गावठाणाचे फीडर (सबस्टेशनवरून निघणाऱ्या मुख्य लाइन) शेतीपासून वेगळे झाले तेव्हा गावाला चोवीस तास लाइट मिळाली. पण शेतात विखुरलेल्या वस्त्या आणि बरेच तांडे शेतीच्याच फीडरवर राहिले. शेतीची थ्री फेज ठरावीक तास असते, आणि बाकीच्या वेळेत घरांना दिवे-पंखे चालावेत म्हणून सिंगल फेज सोडतात. या वेळेत डीपीच्या आत काय होतं ते समजून घ्या.

डीपीत तीन कॉइल असतात आणि ११ केव्हीच्या (वरच्या, मोठ्या दाबाच्या) बाजूला त्या त्रिकोणात जोडलेल्या असतात. सबस्टेशनवरून तीनपैकी एक तार बंद केली की ज्या दोन तारा जिवंत राहतात त्यांच्या मधल्या कॉइलला पूर्ण दाब मिळतो. उरलेल्या दोन कॉइल एकामागे एक जोडल्यासारख्या होतात आणि तोच दाब दोघींत वाटला जातो. म्हणून खाली एका फेजवर २३० व्होल्ट येतात आणि बाकी दोन फेजवर त्याच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास. भार जसा कमी-जास्त असेल तसा तो आकडा हलतो. एका ओळीतल्या घरांत टीव्ही नीट चालतो आणि पलीकडच्या ओळीत बल्ब नुसता लालसर होतो, ते यामुळे.

मग काय होतं? मंद फेजवरची सगळी घरं उजळ फेजवर येतात. कुणी चेंजओव्हर (फेज बदलायचा स्विच) बसवतो, कुणी आकडा टाकतो. आता पेच असा की डीपी ६३ ची असली तरी तिच्या एका फेजची ताकद फक्त २१ केव्हीए असते. २५ ची असेल तर जेमतेम ८. अख्ख्या वस्तीचा भार त्या एका कॉइलवर येतो. हिवाळ्यात पाणी तापवायला दोन हजार वॅटची कॉइलची शेगडी लावली तर ती एकटी पावणेनऊ अँपिअर खाते. अशा चार शेगड्या पेटल्या की २५ च्या डीपीचा तो फेज संपला, पंखे आणि दिवे वेगळेच. आणि त्यावर कुणी कंडेन्सर (तिसऱ्या फेजचं काम भागवणारा कपॅसिटर) लावून सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवली, तर ५ एचपीची एक मोटर वीस अँपिअरच्या पुढे घेते. दोन-तीन जणांनी मिळून हे केलं की एक कॉइल भाजून निघते. डीपी उघडल्यावर दोन कॉइल चांगल्या आणि एकच काळी पडलेली दिसली, तर हेच झालंय असं समजायला हरकत नाही. दुरुस्तीला नेताना डीपी उघडेल तिथे उभं राहून हे विचारा. कुणी हे विचारत नाही, आणि वस्तीच्या दृष्टीने मोलाची माहिती तीच असते.

तपासायचं कसं? डीपीवर चढायची गरज नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास तीन वेगवेगळ्या ओळींतल्या घरांत मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. एका ओळीत दोनशेच्या वर आणि दोन ओळींत शंभर-सव्वाशे आलं तर सिंगल फेजिंग चालू आहे. मग उजळ फेजवर किती घरं आहेत ते मोजा. शक्य असेल तर लाइनमनला टाँग टेस्टर लावून त्या फेजचा करंट पाहायला सांगा. २५ च्या डीपीवर तो ३३ च्या वर दिसला तर आणखी काही शोधायची गरज नाही.

यावर वस्तीच्या हातातला उपाय एवढाच की सिंगल फेजच्या वेळेत मोटर कुणीही चालवायची नाही आणि शेगड्या बंद ठेवायच्या. हे नुसतं सांगून होत नाही, बैठकीत ठरवावं लागतं. थोरल्या भावकीतल्या कुणी आधी स्वतःचा कंडेन्सर काढला की बाकीचे ऐकतात.

कायमचा उपाय दोनपैकी एक आहे. वस्ती गावठाणाच्या फीडरपासून फार लांब नसेल तर त्यावरून लाइन ओढून घेणं, किंवा घरांसाठी वेगळी छोटी सिंगल फेज डीपी, १० किंवा १६ केव्हीएची, मागणं. ही छोटी डीपी सिंगल फेजच्या वेळेत ज्या दोन तारा चालू राहतात त्यांवरच जोडलेली हवी, नाहीतर तिचा उपयोग नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून फीडरला दिवसा थ्री फेज मिळू लागली की रात्री मोटर चालवायची गरज उरत नाही, आणि डीपीवरचा हा ताण आपोआप हलका होतो. त्या योजनेतला पहिला प्रकल्प आपल्याच भागात, वैजापूर तालुक्यातल्या ढोंदलगावला ३ मेगावॅटचा, सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. पण त्याने रात्रीच्या घरगुती सिंगल फेजचा प्रश्न सुटत नाही. तो घरांसाठी वेगळी व्यवस्था झाल्यावरच सुटेल.

दिवे कधी प्रखर, कधी मंद, टीव्ही-चार्जर जळतात

हा न्यूट्रलचा घोटाळा आहे, आणि यात डीपीबरोबर माणसंही जातात. डीपीच्या खालच्या बाजूला तीन फेज आणि चौथा न्यूट्रल असतो. न्यूट्रल जमिनीत नीट गाडलेला आणि तारेवर नीट जोडलेला असेपर्यंत प्रत्येक घराला २३० मिळतात. तो कुठे तुटला, सैल झाला, गंजला की ज्या फेजवर भार जास्त तिथे व्होल्टेज पडतं, ज्यावर कमी तिथे चढतं. शेजारच्या दोन घरांत मोजलं तर एकीकडे दीडशे आणि दुसरीकडे तीनशेच्या जवळ असा आकडा मिळतो. सिंगल फेजिंगमध्ये व्होल्टेज कुठेच २३० च्या वर जात नाही. न्यूट्रल गेला तर जातं. दोन्हींतला फरक ओळखायची ही खूण पक्की लक्षात ठेवा. चढलेलं व्होल्टेज दिसलं की सगळ्या घरांचे मेन स्विच बंद करा आणि लगेच तक्रार द्या. सकाळची वाट पाहू नका.

मराठवाड्यात न्यूट्रल आणि अर्थिंग वारंवार का बिघडतं, याचं एक कारण आपल्या जमिनीत आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. खोल खड्डा घ्यायला कष्ट पडतात म्हणून पाइप पुरेसा खाली जातच नाही. आणि काळी माती ओली असेपर्यंत वीज छान वाहून नेते, पण एप्रिल-मे मध्ये ती आक्रसते, भेगेत अख्खा हात जाईल इतकी फाटते आणि पाइपपासून सुटते. पाइप जमिनीत असतो, पण मातीला टेकलेला नसतो. डीपीचं अर्थिंग ५ ओहमच्या आत असावं असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि अशा कोरड्या भेगाळ खड्ड्यात तो पाळला जाणं शक्यच नाही. पुढे मृगाच्या आधीच्या वादळात वीज कडाडली की अरेस्टरने तो झटका जमिनीत सोडायचा असतो. जमीन धरत नसेल तर तो झटका कॉइलमध्ये जातो. पहिल्या पावसात जाणाऱ्या डीप्यांमागे मला हे कारण वारंवार दिसलंय.

परभणी-हिंगोलीच्या सीमेवरच्या एका तांड्यावर डीपी सारखी जात होती. अर्थिंगची पट्टी वरून धडधाकट दिसायची. खांबाच्या बुडाशी गाजरगवत माजलेलं होतं, ते काढलं, लाइन बंद केली आणि लाइनमनने पट्टीला हात लावला, तसा तुकडा त्याच्या हातात आला. नेमकी जमिनीच्या पातळीवर ती गंजून नखाएवढी उरली होती. वर लोखंड होतं, खाली पाइप होता, मध्ये काहीच नव्हतं. त्यामुळे खांबाच्या बुडाशी वीतभर भाग आधी पाहा, डोळ्यांनी, हात न लावता. न्यूट्रल तुटलेला असेल तर परतीचा करंट त्याच पट्टीतून जात असतो आणि ती धरणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

खड्डा नव्याने भरून घ्यायचा तर लाइन बंद ठेवून, लाइनमनकडून, कोळसा आणि मिठाचे थर देऊन, आणि वरून पाणी सोडायला एक पाइप ठेवून. न्यूट्रलचं, बॉडीचं आणि अरेस्टरचं अर्थिंग वेगवेगळं हवं. एकाच पाइपला सगळं बांधलेलं दिसलं तर तक्रारीत तसं लिहा. उन्हाळाभर त्या खड्ड्यांना ओल राहील एवढं पाणी मिळालं पाहिजे. प्यायचं पाणी टँकरने येणाऱ्या वस्तीवर हे सांगणं कठीण आहे, पण जनावरं धुतलेलं पाणी चालतं.

आणखी एक. काही वस्त्यांवर न्यूट्रलची तारच नसते किंवा तुटलेली असते, आणि लोक दारात सळई ठोकून ‘अर्थिंगवर’ लाइट घेतात. कृपा करून हे बंद करा. सळईची वायर सुटली तर सुटलेल्या टोकावर पूर्ण फेज येतो. पावसाळ्यात सळईभोवतीची जमीन धरते आणि बांधलेली म्हैस जागेवर जाते. आणि असा करंट जमिनीतून डीपीकडे परत जात राहिला की न्यूट्रलच्या अर्थिंगवर कायम भार राहतो.

फ्यूज उडत नाही, डीपी जाते

डीपीखालची पेटी लांबूनच पाहा. दार आहे का? किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायच्या चिनी मातीच्या होल्डरमध्ये) काय आहे? चांदीसारखी बारीक फ्यूज तार दिसली तर ठीक. लाइनच्या तारेचे सोललेले पदर पिळून बसवलेले दिसले तर तुमच्या डीपीला फ्यूज नाही. लाइनच्या ‘रॅबिट’ जातीच्या तारेचा एक पदर साडेतीन मिलिमीटरच्या जवळ जाड असतो. तो वितळायला सुमारे साडेतीनशे अँपिअर लागतात. ६३ च्या डीपीची मर्यादा ८४ आहे. तो वितळायच्या कितीतरी आधी कॉइलचं इन्सुलेशन जळालेलं असतं.

जाड तार घालणाऱ्याला दोष देण्याआधी तो का घालतो ते पाहा. फ्यूज दिवसातून चारदा उडतो आणि लाइनमन वीस गावं सांभाळतो. म्हणून आधी वरचे भाराचे उपाय करा, मग फ्यूज योग्य जाडीचा घालून घ्या. उलट क्रमाने केलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाड तार येते. सोबत झोळ पडलेल्या तारा ओढून घेणं आणि जिथे वाऱ्याने तारा एकमेकींना लागतात तिथे स्पेसर बसवणं ही कामंही लाइनमनकडून करून घ्या. तारांवर आलेल्या वेड्या बाभळी मात्र आपणच, लाइन बंद करून घेऊन, पावसाळ्याआधी तोडू शकतो.

तेल आणि ब्रीदर

हे लवकर पाहून होतं. टाकीच्या खाली तेलाचा ओघळ दिसतो का, काचेतली तेलाची पातळी खुणेच्या खाली गेली का. ब्रीदरमधले (टाकीत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतले) खडे निळे असतील तर कोरडे, गुलाबी-पांढरे झाले असतील तर ओल आत जातेय. रात्रीत तेल एकदम गायब झालं तर चोरी आहे. पोलिसांत तक्रार द्या, नाहीतर पुढे कागद अडतो.

डीपी चांगली, पण शेवटच्या घरांना लाइट मंद

हे डीपी जळण्याचं लक्षण नाही, पण लोक दोन्ही एकच समजतात आणि मोठी डीपी मागतात. मोठी डीपी आली तरी फरक पडत नाही, कारण दोष तारेच्या लांबीत आहे. ‘विझल’ जातीच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे ०.९१ ओहम असतो. डीपीपासून एक किलोमीटरवर वीस अँपिअर न्यायचे तर जाता-येता मिळून ३६ व्होल्ट वाटेतच पडतात आणि २३० चे १९४ होतात. नियमाने २१६ च्या खाली जाऊ नये. इथे उपाय म्हणजे डीपी वस्तीच्या मध्यावर हलवणं, किंवा ११ केव्ही पुढे नेऊन तिथे छोटी डीपी देणं. अर्जात ‘क्षमता वाढवा’ लिहिलं तर चुकीचं काम मंजूर होतं. ‘लघुदाब वाहिनी लांब आहे’ असं लिहा.

नवी डीपी आली त्या दिवशी

बऱ्याच डीप्या बसवल्या त्या रात्रीच जातात. आठ-दहा दिवस पीक सुकलेलं असतं, लाइट आली की प्रत्येक जण मोटर टाकतो. त्या दिवशी वस्तीवर एकाने जबाबदारी घ्यावी. डीपी येण्याआधी सगळे स्टार्टर बंद, ऑटो काढलेले. ट्रॅक्टरमध्ये हिंदकळलेलं तेल स्थिर व्हायला बसवल्यावर काही तास द्या. लाइनमनने चार्ज केल्यावर रिकाम्या डीपीचे तिन्ही फेज मोजून घ्या, तिन्ही सारखे हवेत. मग घरं, मग दोन-दोन तीन-तीन मोटारी. पहिले दोन दिवस निम्म्या मोटारी सकाळी आणि निम्म्या नंतर, अशी पाळी लावा. त्याच दिवशी अर्थिंग आणि फ्यूज तपासून घ्या. लाइनमन तेव्हा तिथेच असतो, नंतर त्याला बोलवायला आठवडा जातो.

अर्ज कसा करायचा

डीपी जळाली की आधी १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तोंडी सांगितलेलं मोजलं जात नाही. वीज नियामक आयोगाच्या कृतिमानकांप्रमाणे ग्रामीण भागात बिघडलेली डीपी ४८ तासांत बदलून मिळायला हवी, आणि तो वेळ तक्रार नोंदवल्यापासून मोजला जातो. डीपी आणणं-नेणं हे वीज कंपनीचं काम आहे. घाईसाठी तुम्ही ट्रॅक्टर दिलात तर तसं अर्जात लिहून ठेवा.

डीपी पुन्हा पुन्हा जळत असेल तर नुसता ‘डीपी बदलून द्या’ हा अर्ज पुरेसा नाही. उपविभागाच्या अभियंत्याला वेगळा अर्ज द्या. त्यात डीपीचा क्रमांक, केव्हीए, मागच्या वेळी केव्हा-केव्हा जळाली, वस्तीवरची घरं, मोटारी आणि त्यांचे एचपी, संध्याकाळी तिन्ही ओळींत मोजलेलं व्होल्टेज आणि अर्थिंगची दिसलेली अवस्था लिहा. शेवटी मागणी एकच आणि नेमकी ठेवा: घरांसाठी वेगळी सिंगल फेज डीपी, किंवा भार विभागून दुसरी डीपी, किंवा अर्थिंग नव्याने. तीन मागण्या केल्या तर सगळ्यात स्वस्त ती मंजूर होते. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. तांडा असेल तर वसंतराव नाईक तांडा/वस्ती सुधार योजनेतून विजेची कामं घेता येतात, आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीतूनही डीपी मंजूर होतात. त्यासाठी ठरावात ‘अतिरिक्त रोहित्र’ असे शब्द हवेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. मोटारींची यादी दर दिवाळीला नव्याने करा, कारण रब्बीत बोअर वाढतात आणि मागच्या वर्षीचा हिशोब चालत नाही.